शास्त्रज्ञ हाफकिन आणि प्लेगची लस

शालान्त परीक्षा जवळ आली कीं आमच्या शाळेंतील पुष्कळशा पालकांच्या मुखीं एकच प्रश्न असतो : मुलानें अगर मुलीनें डॉक्टर व्हावें कीं नाहीं ? जंतुशास्त्र, शरीरशास्त्र, जीवरसायन अशा शास्त्रांचा अभ्यास करून विज्ञानाची पदवी घेण्याचाही एक मार्ग आहे, असें कोणी सुचविलें तर वैद्यकाची प्रवेशपरीक्षा न साधलेल्यांनीं धरावयाची ती वाट, असें उत्तर येतें. वास्तविक दोन्ही वाटा रोगाशींच झुंज घेण्याच्या आहेत. एकीचा आरंभ रोग्याच्या बिछान्यापाशीं होतो व दुसरीचा सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं. एका पदवीनें रोग्यास तपासण्याचा व औषध देण्याचा अधिकार मिळतो. दुसरीनें तो मिळत नाहीं. हा फरक लहान नव्हे, व तो झांकून ठेवून मुलांना सल्ला देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून ज्यांनीं दुसरी वाट धरली, तिच्या बळावर आपल्या मुंबईवर मोठे उपकार केले, आणि आपण डॉक्टर नाहीं याची किंमतही पुरेपूर मोजली, अशा एका पुरुषाचें चरित्र या अंकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परळच्या बाजूस गेलेल्या मुलांनीं हाफकिन इन्स्टिट्यूट ही पाटी वाचली असेल. हे हाफकिन कोण, असें विचारलें तर कोणी इंग्रज डॉक्टर असावेत, असें बहुतेक जण सांगतात. ते जन्मानें इंग्रज नव्हते, आणि रोग्याची नाडी पाहणारे डॉक्टरही नव्हते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं असलेल्या ओडेसा शहरीं झाला. तें शहर त्या वेळीं रशियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होतें. आज तें युक्रेन देशांत आहे. त्यांचें घराणें ज्यू, म्हणजे जुन्या करारांत ज्यांचा इतिहास आपण वाचतों त्या लोकांपैकीं. रशियांतील ज्यूंना कोठें राहावें, किती शिकावें, कोणती नोकरी धरावी या सर्वच बाबतींत कायद्याचा काच असे. बेर्द्यान्स्क येथें शाळेचें शिक्षण पुरें करून 1879 सालीं हाफकिन ओडेसाच्या विद्यापीठांत आले व त्यांनीं सृष्टिविज्ञानाची शाखा घेतली. त्या विद्यापीठांत वैद्यकाची शाखा तेव्हां नव्हतीच; ती 1900 सालीं निघाली. तेव्हां त्यांनीं वैद्यक नाकारून विज्ञान पत्करलें असें म्हणणें थोडें धाडसाचें होईल. तथापि पुढें जिनीव्हा व पॅरिस अशा वैद्यकाच्या नामांकित केंद्रांत वर्षानुवर्षें राहूनही ते त्या वाटेला गेले नाहींत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ओडेसास त्यांना गुरु लाभले ते इल्या मेच्निकोव्ह. हेही डॉक्टर नव्हते; प्राणिशास्त्रज्ञ होते. 1882 सालीं इटलींतील मेसिना गांवीं समुद्रकांठीं राहत असतांना मेच्निकोव्ह यांनीं तारामाशाच्या कांचेसारख्या पारदर्शक पिलांच्या अंगांत बागेंतील गुलाबाचे कांटे टोंचले, आणि दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्याभोंवतीं त्या प्राण्याच्या फिरत्या पेशींनीं गर्दी केलेली ! शरीरांत शिरलेल्या परक्या वस्तूला गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हा सिद्धान्त यांतून निघाला, आणि त्याबद्दल 1908 सालीं त्यांना वैद्यकाचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. तारामाशाचें पिलू पाहत बसणारा माणूस तापकऱ्याच्या काय उपयोगाचा, असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें असतें. हाफकिन यांचाही पहिला अभ्यास असाच, पाण्यांतील एकपेशी प्राण्यांचा.

विद्यार्थिदशेंत त्यांच्यावर संकटें आलीं. बादशाही जुलमाविरुद्ध चळवळ करणाऱ्या तरुणांत त्यांचें येणेंजाणें होतें. 1881 सालीं ज्यूंच्या वस्तीवर हल्ले झाले, तेव्हां बचाव करणाऱ्या टोळींत ते उभे राहिले, जखमी झाले व पकडले गेले. मेच्निकोव्ह यांनीं रदबदली केली म्हणून सुटका झाली. पुढें प्राणिशास्त्रांत डॉक्टरची पदवी मिळाली. पण अध्यापकाची जागा हवी असेल तर रशियन चर्चचा धर्म स्वीकारावा लागेल, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यांनीं तें नाकारलें. आमची शाळा ख्रिस्ती आहे व ख्रिस्ताचा धर्म आम्हांस प्राणाहून प्रिय आहे. पण पगाराच्या आशेनें तो अंगावर चढविणाऱ्यापेक्षां, मनाला पटत नाहीं म्हणून तो नाकारून उपाशी राहणारा मनुष्य आम्हांस अधिक आदरणीय वाटतो.

त्यामुळें ओडेसाच्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयांतील किरकोळ जागेवर कांहीं वर्षें काढून 1888 सालीं त्यांनीं देश सोडला. वर्षभर जिनीव्हा येथें शरीरक्रियाशास्त्र शिकविण्यास मदत केली. 1889 सालीं ते पॅरिसला पाश्चर यांच्या नव्या संस्थेंत आले. मेच्निकोव्ह तेथें आधींच पोंचले होते. संशोधकाची जागा मोकळी नव्हती. होती ती ग्रंथालयांतील साहाय्यकाची ! तीस वर्षांच्या आंतल्या या पंडितानें ती मुकाट्यानें पत्करली. दिवसा पुस्तकें लावावींत, उरल्या वेळांत प्रयोगशाळेच्या एका कोंपऱ्यांत जंतु वाढवावेत, आणि करमणूक म्हणून व्हायोलिन वाजवावें, असा त्यांचा क्रम होता.

पाश्चर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनीं 1885 सालीं प्रथम एका मुलावर वापरली, तेव्हां सुई धरण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ती एका डॉक्टरनें धरली. उलट क्षय व पटकी यांचे जंतु दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ कॉख हे खेड्यापाड्यांतून रोगी पाहत हिंडलेले डॉक्टर होते. म्हणजे शोध लागावयाला अमुक एकच पदवी पाहिजे असें नाहीं. आज आपल्याकडे एम. बी. बी. एस. चा अभ्यास साडेचार वर्षांचा व त्यावर एक वर्ष रुग्णालयांतील उमेदवारीचें. विज्ञानाच्या वाटेनें जाणाऱ्यास पदवी, मग पदव्युत्तर पदवी व मग संशोधन अशी याहून लांब मजल मारावी लागते, आणि तिच्या अखेरीस दारावर लावावयास दवाखान्याची पाटी नसते. पालकांनीं हें आधींच जाणून असावें.

त्या काळीं युरोपांत व आशियांत पटकीची मोठी साथ चालू होती. हाफकिन यांनीं पटकीचे जंतु घेऊन कांहींचा जोर उष्णतेनें व हवेनें कमी केला, व कांहींचा गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांच्या शरीरांतून एकामागून एक नेऊन उलट वाढविला. आधीं सौम्य जंतूंची व कांहीं दिवसांनीं प्रखर जंतूंची अशी दोनदां लस टोंचली असतां प्राणी पटकीपासून वांचतात, असें त्यांना आढळलें. प्राण्यांवरून माणसाकडे जावयाचें, तर पहिला माणूस कोण ? 18 जुलै 1892 रोजीं त्यांनीं ती लस स्वतःस टोंचून घेतली. ताप आला, कूस दुखली, पण ते बरे झाले. मग कांहीं रशियन मित्रांनींही टोंचून घेतली. ज्या मायभूमीनें त्यांना घालविलें तिलाच त्यांनीं ही लस प्रथम देऊं केली. तिनें घेतली नाहीं. अखेर पूर्वीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिसला ब्रिटिश वकील होते, त्यांच्या साहाय्यानें हिंदुस्थानचें दार उघडलें.

1893 च्या मार्चमध्यें हाफकिन कलकत्त्यास उतरले. येथें त्यांची खरी अडचण सुरू झाली. रशियन म्हणून सरकारी लोकांना संशय, परका म्हणून जनतेला संशय, आणि वैद्यकाची पदवी नाहीं म्हणून कित्येक डॉक्टरांना संशय. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते व त्यांचे बंगाली डॉक्टर सहकारी लोकांसमक्ष स्वतः टोंचून घेत. सक्ति त्यांनीं कोणावरही केली नाहीं. दोन-सव्वादोन वर्षांत उत्तर हिंदुस्थान, बंगाल व आसाम एवढ्या मुलखांत हिंडून सुमारें 42,000 माणसांना त्यांनीं लस टोंचली, आणि टोंचणाऱ्यांपेक्षां त्यांचें लक्ष वहीवर अधिक असे. एका घरांत, एका चाळींत, एका तुरुंगांत टोंचलेले किती, न टोंचलेले किती, व साथ आल्यावर दोहोंपैकीं किती पडले, याची नोंद ते काटेकोरपणें ठेवीत. 1895 मध्यें हिंवतापानें अगदीं खंगून त्यांना इंग्लंडला जावें लागलें. पण पुढच्याच वर्षीं ते परत आले.

त्याच 1896 सालच्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवी भागांत विचित्र तापानें माणसें मरूं लागलीं. हा गांठीचा प्लेग आहे, हें रोग्यांना पाहून प्रथम ओळखलें तें डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे मूळचे गोमंतकीय, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुलांनीं तो जातां येतां पाहावा. रोग्याच्या काखेंतील गांठ चांचपून, आजूबाजूच्या घरांतील मृत्यु मोजून, शहराचा व्यापार बुडेल या भीतीनें गप्प बसा म्हणणाऱ्यांची पर्वा न करितां खरें तें सांगणें, हें खऱ्या डॉक्टरचें काम व्हिएगस यांनीं केलें. आम्हांस असें वाटतें कीं, कोणती वाट थोर असा वाद घालणाऱ्यांनीं त्या एका वर्षींची मुंबई डोळ्यांपुढें आणावी. व्हिएगस नसते तर रोगाचें नांव कळावयास आणखी उशीर झाला असता. आणि नांव कळलें तरी व्हिएगस यांच्या पिशवींत त्यावर औषध नव्हतें.

प्लेगचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, 1894 सालीं, हाँगकाँग येथें सांपडला होता. सरकारनें ऑक्टोबर 1896 मध्यें हाफकिन यांना मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक लहानशी खोली व तिच्यापुढील पडवी मिळाली. हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांत लस तयार केली. साहाय्यकांपैकीं एकाचें मन कामाच्या ताणानें बिघडलें, दोघे सोडून गेले.

लस करण्याची रीत मुलांना सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यांत आपल्या स्वयंपाकघरांतील एक जिन्नस आहे. मांसाच्या पाण्यांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे, तर ते भांड्यांत वाढत पण फार नव्हे. हाफकिन यांनीं त्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगतें. त्याच्या खालच्या बाजूस जंतूंच्या वसाहती चिकटून खालीं लोंबूं लागतात, गुहेच्या छतापासून चुन्याचे खांब लोंबतात तशा. भांडें हलविलें कीं त्या तुटून तळाशीं जातात व वर नव्या लोंबूं लागतात. असें पांच-सहा आठवडे चालवून भांडें जंतूंनीं गच्च झालें म्हणजे तें सुमारें तासभर तापवून जंतु मारावयाचे, आणि राखण म्हणून थोडें कार्बोलिक ॲसिड घालावयाचें. मेलेले जंतु रोग देत नाहींत, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र करून देतात. त्या कार्बोलिक ॲसिडाची गोष्ट पुढें येणार आहे.

10 जानेवारी 1897 रोजीं त्यांनीं ही लसही प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि तीही पुढें लोकांना दिली जाई त्याच्या कितीतरी पट मात्रेंत. जबर ताप आला व उतरला. त्याच महिन्याच्या शेवटीं भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकीं जे आपखुषीनें पुढें आले त्यांना लस टोंचण्यांत आली व गुण दिसला. पुण्यास त्याच मार्चमध्यें प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. साथ आवरण्यासाठीं सरकारनें चालविलेल्या घरझडत्यांनीं तेथें लोक चिडले, आणि जूनमध्यें रँडसाहेबांचा खून झाला. अशा भयाच्या व रागाच्या दिवसांत लोकांना दंडाला सुई लावून घ्या म्हणावयाचें होतें. आगाखान हे तेव्हां विशींतले होते. त्यांनीं आपल्या अनुयायांपुढें स्वतः लस टोंचून घेतली, व प्रयोगशाळेसाठीं आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे येतों, कीं ज्याविषयीं आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. बडोद्याजवळ उंढेरा नांवाचें खेडें आहे. 1898 च्या फेब्रुवारींत तेथें प्लेग चालू होता. हाफकिन यांनीं गांवकऱ्यांना घराघराप्रमाणें एकत्र बसविलें, आणि प्रत्येक घरांतील सुमारें निम्म्या माणसांना लस टोंचली. निम्म्यांना टोंचली नाहीं. बायका, मुलें, म्हातारे, अशक्त यांची वांटणी दोन्हीं बाजूंस शक्य तितकी सारखी ठेवली. टोंचलेलीं माणसें 513 व न टोंचलेलीं 437 होतीं. पुढील सहा आठवड्यांत पहिल्यांतलीं 3 दगावलीं, दुसऱ्यांतलीं 26. त्याच घरांत, त्याच चुलीपाशीं राहणारीं हीं माणसें.

या आंकड्यांनीं लशीची सिद्धता झाली. शंका काढणाऱ्यांना दुसरें कोणतेंही उत्तर पुरलें नसतें. पण ते 26 जण कोण होते ? दोन भावांपैकीं एकाला सुई लागली व दुसऱ्याला लागली नाहीं, एवढाच त्यांचा अपराध. डॉक्टर आपल्यापुढें आलेल्या माणसाचा असतो. त्याच्याजवळ लस असेल तर समोरच्यास ती नाकारण्याचा त्याला धर्म नाहीं. शास्त्रज्ञाला मात्र जे अजून समोर आलेले नाहींत अशा लाखोंचा विचार करून, समोरच्यांपैकीं कांहींना तसेंच ठेवावें लागलें. लस खरोखर वांचविते कीं नाहीं हें त्या क्षणीं कोणासही निश्चित ठाऊक नव्हतें, उलट ती अपाय करील अशीही धास्ती होती, ही गोष्ट हाफकिन यांच्या बाजूची आहे. आजच्या काळीं असे प्रयोग माणसाची लेखी संमति व स्वतंत्र मंडळाची देखरेख असल्याखेरीज करितां येत नाहींत, व तें योग्यच आहे. तरीही कांहींना द्यावयाचें व कांहींना द्यावयाचें नाहीं, हें मूळ ओझें नियमांनीं नाहींसें होत नाहीं. जंतुशास्त्राची वाट धरूं पाहणाऱ्या मुलांनीं हें उंढेऱ्याचें चित्र आपल्या मनाशीं ताडून पाहावें. ज्याला एकेका माणसाच्या मुखावरील समाधान पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं, त्यानें डॉक्टरच व्हावें, असें आम्ही म्हणूं.

लस कांहीं रामबाण नव्हती. तिनें मृत्यूचें प्रमाण पुष्कळ घटे, पण भय अजिबात जात नसे, आणि तिचा गुण कांहीं महिनेच टिके. आज प्लेगवर जीं प्रतिजैविक औषधें आहेत तीं त्या काळीं नव्हतीं. म्हणून जें होतें तें मोलाचें होतें. 1899 च्या ऑगस्टमध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-वाड्यांत गेली. व्हिक्टोरिया राणीनें 1897 सालींच त्यांना सी. आय. ई. ही पदवी दिली होती. 1897 पासून 1925 पर्यंत मुंबईहून या लशीचे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर गेले.

मागणी वाढली ती विशेषतः पंजाबांतून. 1902 सालीं तेथें मोठी मोहीम निघाली, आणि लस लौकर व पुष्कळ तयार करावी म्हणून हाफकिन यांनीं रीतींत फेरफार केला : कार्बोलिक ॲसिड गाळलें व केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसला ही पद्धत रुळलेली होती. इंग्रज डॉक्टरांना ती नवखी होती. 30 ऑक्टोबर 1902 रोजीं मुल्कोवाल गांवीं (हें आज पाकिस्तानांत आहे) 107 जणांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं 19 जणांना एका बाटलींतली मिळाली. आठवड्याच्या सुमारास त्या 19 जणांना धनुर्वात झाला, आणि ते सर्वच्या सर्व मेले. बाकीच्या 88 जणांना कांहींच झालें नाहीं.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. मंडळाचें मत असें पडलें कीं, बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेंत, तींत धनुर्वाताचे जंतु शिरले असावेत. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें, व 1904 सालीं ते हिंदुस्थान सोडून गेले. चौकशींतच एक गोष्ट बाहेर आली होती : बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, तो औषधी पाण्यांत नुसता बुडवून काढण्यांत आला, आणि त्याच चिमट्यानें बूच ओढलें गेलें. धनुर्वाताचा जंतु मातींत व शेणांत राहतो. तो बाटलींत आधींपासून वाढत असता तर बूच निघतांच दुर्गंधि सुटली असती. तशी दुर्गंधि कोणास आली नव्हती. एवढें असूनही सर्व दोष बाटली भरणाऱ्याचा ठरला, उघडणाऱ्याचा नव्हे.

हाफकिन डॉक्टर असते तर निकाल निराळा लागला असता काय ? नक्की कोण सांगणार ! परंतु हिंदुस्थान सरकारचें वैद्यकखातें हें एकाच पेशाच्या, एकाच पदवीच्या व बहुतेक एकाच देशाच्या अंमलदारांचें होतें. त्यांत हा परका, ज्यू, प्राणिशास्त्राचा पंडित वरच्या जागीं बसला होता. आमच्या मतें त्यांच्या बाजूनें खात्यांत बोलावयास कोणी उरलें नाहीं, याचें कारण येथेंच आहे. एवढें मात्र न्यायानें सांगितलें पाहिजे कीं, प्रयोगशाळेंत बसून लाखों दंडांत जाणारी वस्तु तयार करणाऱ्यास आपल्या हाताबाहेरच्या चिमट्याचाही विचार करावा लागतो. एका बाटलींत एक डोस असता तर एकच माणूस दगावता. पुढें बाटल्या कशा भराव्यात, कशा उघडाव्यात याबद्दल जगभर जी दक्षता आली, तिच्या मागें अशाच दुर्घटना आहेत.

चार वर्षें हा मनुष्य कलंक घेऊन लंडन-पॅरिसच्या वाऱ्या करीत, कागद मिळवीत, पत्रें लिहीत राहिला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें पुराव्याची पुन्हां छाननी झाली. अखेर त्यांची बाजू घेऊन उठले ते डॉक्टरच. हिंवतापाचा डांसांशीं संबंध 1897 सालीं सिकंदराबादेस शोधून काढणारे रोनाल्ड रॉस हे हिंदुस्थानच्या वैद्यकखात्यांतूनच निवृत्त झालेले, 1902 सालचें नोबेल पारितोषिक मिळविलेले गृहस्थ. त्यांनीं वृत्तपत्रांतून हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. 29 जुलै 1907 च्या लंडन टाइम्समध्यें रॉस व दुसरे नऊ नामवंत जंतुशास्त्रज्ञ यांच्या सहीचें पत्र आलें : हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाहीं. पार्लमेंटांत प्रश्न निघाले, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारनें त्यांना पुन्हां नोकरी देऊं केली.

ते परतले, पण परळला नव्हे. ती जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली, आणि तेथें माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक राहिली नाहीं. ज्यांनीं दोनदां स्वतःच्या अंगावर सुई घेतली, त्यांना आतां कांचेच्या नळ्यांपुरतें काम उरलें. 1914 सालीं ते निवृत्त झाले. पन्नाशी नुकतीच उलटली होती. लग्न केलें नव्हतें. युरोपांत परत गेल्यावर त्यांनीं प्रयोगशाळा जवळजवळ सोडलीच, व उरलेलें आयुष्य आपल्या धर्मबांधवांच्या सेवेंत आणि धर्माचरणांत घालविलें.

1925 सालीं परळच्या संस्थेला त्यांचें नांव देण्यांत आलें. ही वार्ता त्यांना परदेशीं कळली. मुंबईच्या कामांत आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें गेलीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं संस्थेच्या संचालकांस धाडलें. शेवटचीं दोन वर्षें ते स्वित्झर्लंडांत लोझान येथें राहिले. आपली सर्व मिळकत त्यांनीं पूर्व युरोपांतील ज्यू धर्मपाठशाळांसाठीं एक निधि करून ठेवून दिली. आणि त्या पाठशाळांतील मुलांना धर्मशास्त्राबरोबर विज्ञान व हातचा एखादा धंदाही शिकवावा, असें त्यांचें सांगणें होतें. 26 ऑक्टोबर 1930 रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते तेथेंच वारले. परळच्या वाड्याच्या दारावर आपलें नांव लागलेलें त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं.